बर्फातलं झाड आणि दहिवर

झाडं लावणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: 'स्प्रूस, देवदार ही बर्फातली झाडं, दहिवराने (गोठलेल्या दवाने) त्यांना काही होत नाही. रोपं वारा न लागणाऱ्या खोलगट जागी लावा, भोवतीचं गवत राहू द्या, ऊब मिळते. करपलेलं रोप उपटून टाका.'

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त फसवतं. सिट्का स्प्रूसचंच बघा. हे झाड उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं. 1831 मध्ये डेव्हिड डग्लस या स्कॉटिश वनस्पतिसंशोधकामुळे ते ब्रिटनमध्ये आलं आणि आज तिथल्या सूचिपर्णी जंगलांत सर्वांत जास्त क्षेत्र त्याचंच आहे. जानेवारीत ते झोपलेलं असतं, तेव्हा उणे 20 अंशही सोसतं. मे महिन्यात मात्र कळीची तपकिरी टोपी गळते आणि मेथीच्या पाल्याइतका मऊ, पोपटी कोंब बाहेर येतो. त्याला उणे 3-4 अंशांची एक रात्र पुरते. उन्हं आली की तो उकडलेल्या भाजीसारखा मान टाकतो आणि दोन-चार दिवसांत तपकिरी पडतो. ऑक्टोबरातही धोका असतोच. दक्षिणेकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ओरेगॉन-वॉशिंग्टन राज्यांकडच्या बियांची रोपं उशिरापर्यंत वाढत राहतात आणि दहिवरात सापडतात. म्हणून ब्रिटनमध्ये उत्तरेकडच्या, कॅनडातल्या हैदा ग्वाई बेटांचं बी पसंत केलं गेलं.

खोलगट जागेचा सल्ला तर उलटाच. निरभ्र, शांत रात्री गार हवा जड होऊन उतारावरून पाण्यासारखी खाली येते आणि तळाशी साचते. वारा असता तर तिला ढवळून टाकता. निफाडकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून रात्र काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

गवताची ऊब? पांघरूण मिळतं ते जमिनीला, रोप उघड्यावरच. मातीत दिवसभर साठलेली उष्णता गवताखाली अडकते, वर गवताची टोकं झपाट्याने गार होतात आणि कोंब नेमका त्याच उंचीवर असतो. ब्रिटनमध्ये हवामान केंद्राचा तापमापक सव्वा मीटरवर असतो, त्यामुळे तो 2 अंश दाखवत असताना खाली दहिवर पडलेलं असू शकतं. रोपाभोवतीची माती मोकळी ठेवा.

आणि उपटायची घाई कशाला? खोडाची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर थांबा, खालच्या कळ्या फुटतात. शेंडा गेला असेल तर दोन-तीन शेंडे वर येतील. त्यातला सरळ एक ठेवून बाकीचे छाटा.