थंडी सूर्य लांब गेल्यामुळे पडत नाही

सुट्टीतल्या क्विझसाठी ग्रुपवर एक प्रश्न फिरतोय, डिसेंबर-जानेवारीत थंडी का, आणि उत्तर दिलंय पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून. साफ चूक आहे हे, प्लीज पुढे पाठवू नका, मुलं तेच पाठ करतात. उलट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, साधारण १४ कोटी ७१ लाख किमी, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब, १५ कोटी २१ लाख. थंडी पडते ती पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललाय म्हणून, या दिवसांत पृथ्वीचा आपला उत्तरेकडचा अर्धा भाग सूर्यापासून उलट बाजूला झुकलेला असतो, त्यामुळे आपल्याकडे ऊन तिरपं येतं आणि दिवसही लहान. थंडीत भर दुपारी गच्चीत जाऊन कुंडीची सावली बघा केवढी लांब पडते, मे महिन्यात ती बुडाशीच असते. आणि दक्षिणेकडच्या अर्ध्या भागातल्या ऑस्ट्रेलियात नाताळ भर उन्हाळ्यात येतो, सूर्य तर तोच आहे ना!