मुंबईची जुनी लोकल, गोव्याचा एकेरी रूळ

“मुंबईत भंगारात निघणाऱ्या लोकल आणा, रंग मारा आणि पेडणे ते काणकोण दर वीस मिनिटांनी सोडा. वायर आहेच. जकार्ताने केलं, आपण का नाही?” हा मेसेज सध्या गोव्यातल्या ग्रुपांवर जोरात फिरतोय.

वायर आहे, हे मान्य. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं. “मुंबईच्या गाड्या डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) चालतात, इथे चालणार नाहीत” असं उत्तर काहीजण देतात, तेही चूक. मुंबईतली डीसी 2016 मध्येच संपली. आता तिथेही कोकण रेल्वेसारखीच 25 हजार व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज आहे.

घोळ आहे तो “रंग मारा” यात. लोकलच्या डब्याचं आयुष्य साधारण 25 वर्षं धरतात. तोवर दाराचा उंबरठा आणि जमिनीखालचा पत्रा गंजलेला असतो. तो कापून नवा जोडायचा, डब्यांच्या आतल्या जुन्या डीसी मोटरी काढून नव्या थ्री-फेज एसी मोटरी बसवायच्या, म्हणजे ब्रेक लावताना वीज वायरीत परत जाते. त्यासाठी विजेचं रूप बदलणारे कन्व्हर्टर नवे, वायरिंग नवं, ब्रेकची यंत्रणाही बदलायची. जुना उरतो तो सांगाडा, आणि खर्चात त्याचा वाटा थोडाच. लंडनच्या डिस्ट्रिक्ट लाइनचे जुने डबे असे पुन्हा बांधता आले, कारण ते अॅल्युमिनियमचे होते, गंजले नव्हते. तरी ते काम करणारी व्हिव्हारेल कंपनी 2022 मध्ये बुडालीच.

जकार्ताला जपानच्या जुन्या गाड्या चालल्या, कारण दोन्हीकडे दोन रुळांमधलं अंतर 1067 मिलिमीटर आणि वीज 1500 व्होल्ट डीसी. मोठा बदल करावाच लागला नाही.

आता “दर वीस मिनिटांनी”. गोव्यातला कोकण रेल्वेचा मार्ग जवळजवळ सगळा एकेरी. पॅसेंजर करमळीला लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर उभी राहते, लोक फलाटावर उतरून पाय मोकळे करतात, समोरून लांब पल्ल्याची गाडी सुसाट निघून जाते, मग सिग्नल. गाडी जर्मनीहून आणली तरी क्रॉसिंग चुकणार नाही. आणि दुहेरीकरण म्हटलं की गोव्यात काय होतं, ते मोलेच्या जंगलातल्या दुहेरीकरणाला लोकांनी विरोध केला तेव्हा पाहिलंच आहे.

राहिली स्टेशनं. लोकलचं बळ भराभर वेग घेण्यात, तेही स्टेशनं जवळजवळ असली तर. इथे ती लांब लांब, शिवाय गावाबाहेर. पणजीकराला करमळीहून पुढे बस शोधावी लागते. म्हापशाला जायचं तर थिवीला उतरून रिक्षा, आणि तिचं भाडं गाडीच्या तिकिटाच्या कितीतरी पट.