चुका वेचताना

तिसऱ्या पंक्चरच्या वेळी पंक्चरवाल्यानं टायरमधून उपटलेला खिळा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, हा तुमच्याच घरचा दिसतोय." आधीचे दोन त्यानं डबीत जपून ठेवले होते. तिघांना शेजारीशेजारी मांडलं. तेच चपटं डोकं, तीच उंची, तोच गंज. एका आईची लेकरं.

घरचेच होते. मागच्या शेडचं कुजलेलं लाकडी छप्पर उतरवून नवं घातलं, त्याला जेमतेम महिना झाला होता. सुतारमिस्त्री वरून फळ्या खाली सोडत होते, फळ्यांतून खिळे उडत होते आणि टण् टण् असा गोड आवाज येत होता. काम जोरात चाललंय, या समाधानात मी तो ऐकला. जाताना मिस्त्री म्हणाले, "सगळं साफ केलंय, साहेब." तेही खोटं बोलले नाहीत. फळ्या नेल्या, भुसा झाडला. पण खिळा ठोकायची मजुरी असते, उपटायची असते, उचलायची कुठंच ठरलेली नसते. जमिनीवर पडलेला खिळा जमिनीच्या मालकाचा.

सुतारकामात या लहान खिळ्यांना 'चुका' म्हणतात. एक असेल तर 'चूक'. हे नाव ठेवणारा अनवाणी चालणारा असावा.

पहिल्या दिवशी मी नुसत्या डोळ्यांनी शोधायला निघालो. कमरेत वाकून, पावलागणिक थांबत. खिडकीतून बायकोनं विचारलं, "अहो, काय हरवलंय?"

"चुका."

"त्या हरवत नाहीत," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

तासाभरात चार सापडल्या. गंजलेल्या चुकेचा आणि मातीचा रंग हुबेहूब एक असतो. निसर्गात इतकं चोख वेषांतर सरड्यालाही जमत नाही. त्यात आखूड आणि रुंद डोक्याची चूक पडताना बऱ्याचदा डोक्यावरच बसते, टोक आभाळाकडे. लांब खिळा निदान आडवा लोळतो. पण तोही साधा नाही. पुढचं चाक त्याला उडवून उभा करतं आणि मागचं चाक त्याच्यावर चढतं. माझी तिन्ही पंक्चरं मागच्याच चाकाची होती. तोवर मी त्याचं खापर मागे बसणाऱ्यांवर फोडत होतो.

दुसऱ्या दिवशी खराटा घेतला. खराट्यानं सगळं आवार लख्ख झालं आणि इकडेतिकडे विखुरलेल्या चुका मी पद्धतशीरपणे फाटकापाशी, म्हणजे बरोबर गाडीच्या वाटेवर आणून ठेवल्या.

"बाबा, लोहचुंबक," मुलगी म्हणाली. शाळेत शिकलेलं घरात उपयोगी पडल्याचा हा आमच्याकडचा पहिलाच प्रसंग.

माळ्यावरचा फुटका स्पीकर खोलून त्यातलं फेराइट चुंबकाचं काळं कडं काढलं, त्याला दोरी बांधली आणि मी आवारात हिंडू लागलो. रस्त्यानं जाणारे थबकून पाहायचे. कुत्रं फिरवणारा माणूस त्यांनी पाहिलेला असतो. कुत्रं मरून गेलं तरी दोरी न सोडणारा पाहिलेला नसतो. पण पहिल्यांदा 'टिक्' असा आवाज आला आणि कड्याला एक चूक लटकली, तेव्हा मला जो आनंद झाला तो पगारवाढीच्या वेळीही झाला नव्हता. टिक्. टिक्. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी लोंबकळू लागली. चुंबकाला चिकटलेली चूक तेवढ्यापुरती स्वतःच चुंबक होते आणि पुढचीला धरते. वरचीला सोडवलं की खालच्या पटापट गळतात. वशिला असाच चालतो.

सुई चुंबकाकडे का सरकते, या प्रश्नाला कणादमुनींनी फार पूर्वी उत्तर देऊन ठेवलं आहे: कारण 'अदृष्ट', म्हणजे डोळ्यांना न दिसणारं. मुनींचा मुद्दा मला तंतोतंत पटतो. चूक टायरकडे का सरकते याचंही कारण तेच.

स्पीकरच्या कड्याचं एकच दुखणं होतं. त्याला चुकेच्या अगदी जवळ न्यावं लागे. चुंबकाची ओढ अंतरानं नुसती कमी होत नाही, कोसळते. अंतर दुप्पट झालं की ओढ निम्म्याच्याही कितीतरी खाली जाते. बोटभर गवत मध्ये आलं की कडं निर्विकारपणे वरून निघून जाई. म्हणून आधी गवत मुळापाशी कापलं आणि मग निओडिमियमची चुंबकं मागवली.

निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं हे चुंबक १९८२ मध्ये जपानच्या मसातो सागावांनी शोधलं. साधारण त्याच सुमारास अमेरिकेतही ते स्वतंत्रपणे सापडलं. सागावांच्या आवारात चुका होत्या की नव्हत्या याची नोंद नाही, पण माझ्या बोटांना त्यांचं नाव पाठ झालं आहे. खोक्यातून दोन चुंबकं काढली, एक डाव्या हातात, एक उजव्या. पुढचं मला नीट आठवत नाही. दोघं हवेत भेटले आणि मध्ये माझ्या करंगळीची कातडी होती. भेटीच्या धक्क्यानं एकाचा टवकाही उडाला, कारण हे पैलवान काचेसारखे ठिसूळ असतात. तिसरं मी सावधपणे खिशात ठेवलं आणि फाटक उघडायला गेलो. फाटक लोखंडी. पाच मिनिटं मी फाटकाला चिकटून उभा होतो. शेवटी पँट तिथंच सोडावी की काय, इथवर विचार आला होता.

मग गाडा बनवला. एक फळी, जुन्या प्रवासी बॅगेची दोन चाकं, फळीच्या पोटाला चुंबकांची रांग, आणि मागे ढकलायला दांडा. चुंबकं जमिनीपासून दोन बोटं वर. याहून खाली गेलं की दगड लागतात, वर गेलं की चुका हसतात. आधी उभं फिरवायचं, मग आडवं, कारण गवताच्या एका बाजूला निजलेली चूक दुसऱ्या बाजूनं गेल्यावरच जागी होते.

हे चालू असताना शेजारचे काका कुंपणाशी यायचे. काका निवृत्त पशुवैद्य, आणि त्यांच्या छातीत पेसमेकर. तगडं चुंबक पेसमेकरपासून निदान वीतभर तरी लांब ठेवावं लागतं. मी ती वीत बरीच ताणून पंधरा फुटांवर नेली. इतकी वर्षं काका सल्ला द्यायला खांद्यावर हात ठेवून येत. आता तो कुंपणापलीकडून ओरडून देतात. चुंबकाच्या सगळ्या गुणांत हा गुण मी वरचा मानतो.

"गायीला चुंबक गिळायला लावतात, माहीत आहे का?" ते तिकडून ओरडले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. झाली नव्हती. गाय जिभेनं चारा ओढून न निवडता गिळते, आणि त्यातून खिळा, तार काहीही आत जातं. ते तिच्या पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसतं. तो कप्पा आवळला की टोक आरपार, आणि पलीकडे अगदी लागून काळीज. म्हणून तिला बोटाएवढं गुळगुळीत चुंबक गिळवतात. ते त्याच कप्प्यात जन्मभर पडून राहतं आणि येईल तो खिळा धरून ठेवतं. चुका पोटात घालणं हे मी आजवर नुसतं पत्राच्या शेवटी लिहीत आलो होतो. प्रत्यक्षात घालणारी व्यक्ती ही.

गाड्याला रोज नवं काहीतरी लागायचं. ब्लेडचा तुकडा, स्प्रिंग, बिजागरीचा स्क्रू, बायकोची केसांची पिन, आणि ज्या किल्लीवरून तीन वर्षांपूर्वी घरात दोन दिवस अबोला होता ती किल्ली. ती मी दाखवली नाही. शिवाय काळी बारीक रेती. मातीतले लोहकण चुंबकाला इतके दाट लगडतात की दोन फेऱ्यांत त्याला दाढी येते, आणि ती पाण्यानं, कापडानं, शिव्यांनी, कशानंच निघत नाही. चुका सोडवताना बोटांची चाळण झाली, तेव्हा मुलीनं शांतपणे चुंबकांवर प्लास्टिकची पिशवी चढवली. फेरी झाली की पिशवी उलटी करून ओढायची. चुका आत, चुंबक बाहेर, स्वच्छ. ही युक्ती तिला पहिल्या दिवसापासून सुचली होती. "तुम्ही विचारलं नाहीत," म्हणाली.

मी वहीत आकडे लिहू लागलो. पहिल्या आठवड्यात २१२. दुसऱ्यात ६४. तिसऱ्यात ९. त्या रविवारी मी आवार चुकामुक्त जाहीर केलं आणि ते सिद्ध करायला अनवाणी चाललो. सहाव्या पावलाला स्टेनलेस स्टीलचा स्क्रू टाचेत गेला. स्टेनलेसच्या काही जाती चुंबकाला ओळखतात, काही ओळखच दाखवत नाहीत. हा दुसऱ्या घराण्यातला. पितळ आणि ॲल्युमिनियमही त्याच बिरादरीतले. डॉक्टरांना मी अभिमानानं सांगितलं, "गंजलेला नव्हता." ते म्हणाले, धनुर्वात गंजातून येत नाही, मातीतल्या जंतूंमुळे होतो, आणि शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतं? आठवत नव्हतं. हा आकडा वहीत नव्हता.

टाच बरी झाली आणि चौथं पंक्चर झालं. मागचं चाक.

पंक्चरवाल्यानं चूक काढून उजेडात धरली. "ही त्या घरची नाही, साहेब. नवीकोरी आहे."

खरंच चकचकीत होती. गंजाचा ठिपका नाही. मी सुताराच्या, शेजाऱ्याच्या, रस्त्यावरच्या अशा सगळ्यांच्या नावानं बोटं मोडत घरी आलो. मुलगी गाडा उलटा करून पाहत बसली होती. दांडा फळीला जोडायला मी स्वतः सहा चुका ठोकल्या होत्या. तिनं मोजल्या. पाच. सहावी जागा रिकामी, भोक ताजं. चुंबकांची रांग पुढे, दांडा मागे. पुढून मी आवार साफ करत जात होतो आणि मागून पेरत.

बायको दारात आली. माझ्या तळहातावरची चूक तिनं उचलून पाहिली.

"कोणाची निघाली?"

मी दांड्याकडे बोट दाखवलं. तिनं ती परत माझ्या हातात ठेवली, मूठ मिटवून दिली आणि आत गेली. अजून तिला किल्लीचं माहीत नाही.