मॅट्रिजेलमध्ये गोळे वाढले म्हणजे यकृत तयार झालं का?

यकृताचे ऑर्गनॉइड, म्हणजे पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेले अवयवासारखे सूक्ष्म गोळे, कुठल्या जेलमध्ये वाढवावेत या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परखड आहे आणि कामाची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचे आक्षेप दोन. कृत्रिम जेलचं कौतुक करताना मी मॅट्रिजेलवर, म्हणजे नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्राणिजन्य जेलवर, अन्याय केला, कारण तुमच्याकडे पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या कृत्रिम जेलमध्ये पेशी 4 दिवसांत मेल्या आणि मॅट्रिजेलमध्ये जोमाने वाढल्या. शिवाय ऑर्गनॉइडमधून अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते रक्तातलं प्रथिन) मिळालं की त्याला कार्यक्षम म्हणायला हरकत नाही, असं तुमचं म्हणणं.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. लेखात मी जेलच्या कडकपणाबद्दल लिहिलं, पण पेशीला धरायला काही लागतं हे लिहायचं राहून गेलं. नुसत्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलला पेशी चिकटतच नाहीत, आणि आधार न मिळालेली अशी पेशी मरते. त्याच्या साखळ्यांना पेशी ज्यांना धरतात असं काही जोडावं लागतं: आरजीडी हा छोटा पेप्टाइड, किंवा लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन ही प्रथिनं. 2020 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी असंच जेल सुमारे 1.3 किलोपास्कल, म्हणजे निरोगी यकृताइतकं मऊ ठेवलं, तेव्हा यकृताच्या पूर्वज पेशी त्यात छान वाढल्या. फायब्रोसिस झालेल्या, म्हणजे व्रणासारख्या तंतूंनी घट्ट झालेल्या यकृताइतकं ते कडक केलं, तेव्हा वाढ खुंटली.

मॅट्रिजेल चालतं, यात वाद नाही. पण ते उंदराच्या गाठीतून काढलेलं असतं. त्यात साधारण 60 टक्के लॅमिनिन, 30 टक्के कोलॅजन-4 आणि वर वाढघटक. दर बॅचला हे प्रमाण थोडं हलतं. हाताळणीतली एक चूक तर फार सर्रास होते: सेंट्रिफ्यूजनंतर तळाच्या पेशींवर 20 मायक्रोलिटर माध्यम (पेशींना पोसणारा द्रव) राहतं आणि त्यातच 50 मायक्रोलिटरच्या थेंबापुरतं जेल मिसळलं जातं. जेल पातळ होतं, थेंब भाकरीसारखा पसरतो, तळाच्या पेशी प्लास्टिकला चिकटून चपट्या होतात. माध्यम पूर्ण ओढून घ्या, पिपेटच्या टिपा थंड आणि प्लेट 37 अंशांवर गरम ठेवा, थेंब टाकल्यावर प्लेट उलटी करून 10-15 मिनिटं इन्क्युबेटरमध्ये ठेवा.

आता अल्ब्युमिन. इथे मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. प्रौढ यकृतातून 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या गटाने वाढवलेले मानवी ऑर्गनॉइड पित्तनलिकेच्या पेशींपासून आले होते. वाढीच्या माध्यमात ते पित्तनलिकेसारखेच राहतात, म्हणजे पोकळ, पातळ भिंतीचे गोळे. त्यांना यकृतपेशीकडे वळवायला वाढीला चालना देणारे आर-स्पॉन्डिन आणि फोर्स्कोलिन काढून पेशींना परिपक्व करणारे डॅप्ट, डेक्सामेथासोन, बीएमपी-7, एफजीएफ-19 द्यावे लागतात, तेही जवळपास 2 आठवडे. तेव्हा गोळे जोमाने वाढले, एवढ्यावरून यकृताचं काम सुरू झालं असं म्हणता येत नाही.

तुमच्या अल्ब्युमिनच्या आकड्याबद्दल एक शंका. माध्यमात बी-27 हे तयार पूरक मिश्रण असेल तर त्यात गाईचं अल्ब्युमिन असतंच. एलायझा, म्हणजे प्रथिन मोजणारी प्रतिपिंडांची चाचणी, फक्त मानवी अल्ब्युमिन ओळखणारी हवी, आणि पेशी नसलेला जेलचा थेंब त्याच माध्यमात ठेवून तुलना करायला हवी. आकडा डीएनएच्या मात्रेला भागा, नाहीतर गोळे वाढले की अल्ब्युमिनही वाढल्यासारखं दिसतं. सोबत सीवायपी3ए4, म्हणजे औषधं पचवणारं यकृतातलं विकर मोजा, ते वाढवणारं रिफॅम्पिसिन हे औषध देण्याआधी आणि दिल्यानंतर. अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे भ्रूणाच्या यकृतात बनणारं प्रथिन, चढंच राहिलं तर पेशी अजून भ्रूणावस्थेतल्यासारख्याच आहेत असं धरा.

तुमच्या जेलमध्ये आरजीडी किती होतं आणि कडकपणा किती मोजला होता, तेवढं कळवा. आरजीडी घातलंच नसेल, तर 4 दिवसांत पेशी का मेल्या ते शोधायला लांब जावं लागणार नाही.