मालक बोलणार आहेत

तारकर्लीला माडांच्या बागेत दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या, तेव्हा वाटलं होतं, डोकेदुखी होईल ती गरम पाण्याची नाहीतर सुरमईच्या भावाची. झाली ती एका क्रियापदाची.

भाचा म्हणाला, "मामा, पाहुण्यांना काय काय मिळेल ते चार ओळींत इंग्रजीत लिहून द्या. पाटी रंगवून घेऊ." समुद्र, घावणे, सोलकढी झालं. राहिली ती खरी गंमत : दिवेलागण झाली की खळ्यात खुर्च्या टाकून पाहुण्यांबरोबर बसणं. तिथे पेन अडकलं. से, टेल, स्पीक, टॉक. चार भाऊ, बाहेरच्याला एकच घर दिसतं, पण आत वाटण्या कधीच होऊन गेलेल्या आणि ज्याचा त्याचा सातबारा वेगळा.

शाळेत गुरुजींनी सोपं करून दिलं होतं : से म्हणजे म्हणणे, टेल म्हणजे सांगणे, उरलेले दोघे बोलणे. त्या जोरावर मी एकदा वर्गात 'आय ॲम सेइंग अ साँग' असं ठणकावलं होतं. आपण गाणं म्हणतोच की! खोटं आपण बोलतो, इंग्रज मात्र ते 'टेल' करतो. शिवाय टेलला बहुतेक वेळा लगेच पुढे माणूस लागतो. 'टेल मी' चालतं, 'से मी' चालत नाही, मध्ये 'टू'ची पायरी घालावी लागते. टेलचा मूळ अर्थ मोजणे, असं शब्दकोशात सापडलं. बँकेत नोटा मोजणारा टेलर तो हाच. तरीच आमच्या बँकेतला काही विचारलं तर सांगत नाही, नुसता मोजतो.

शेवटी भारदस्त दिसतं म्हणून लिहिलं, 'द ओनर विल स्पीक एव्हरी इव्हनिंग ॲट सेव्हन.'

पहिलंच जोडपं बंगळुरूचं. बरोबर सातला अंघोळ करून, भांग पाडून, फोन बंद करून दोघं समोरच्या खुर्च्यांवर येऊन बसली. नवऱ्याने अदबीने विचारलं, भाषणानंतर प्रश्न विचारता येतील का? आता माघार कशी घेणार? उभा राहिलो आणि माड या विषयावर वीस मिनिटं बोललो. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आत आमची ही पदराने तोंड दाबून बसली होती.

पाटी बदलली. 'द ओनर वॉन्ट्स टू टॉक टू यू.' पुढचे गृहस्थ हातात पाकीट घेऊनच खाली आले. "सर, एसी चालू राहिला का? दंड किती?" ही म्हणाली, "मग काय! तुम्ही 'तुझ्याशी बोलायचंय' म्हणालात की माझ्याही पोटात गोळा येतो."

मग 'वी विल डिस्कस अबाउट फिश'. भाच्याने फोनवरच कपाळावर हात मारला. "मामा, डिस्कसला अबाउट लागत नाही!" टॉकला लागतं, याला नाही, का तर म्हणे त्याच्या पोटातच ते आहे. याचं लॅटिन मूळ तर आपटून, झटकून सुटं करणे. गटाराच्या प्रश्नावरच्या ग्रामसभेला हा शब्द शोभतो, माझ्या खळ्याला नाही. गॉसिप म्हणजे मुळात बाप्तिस्म्याच्या वेळी देवासमोर जोडलेलं नातं. तिथून घसरत घसरत ते चहाड्यांवर आलं. चांगल्या घरचा शब्द, पण आता पाटीवर लावायची सोय नाही.

शेजारचे आबा सुपारी कातरत हे सगळं बघत होते. म्हणाले, "मेल्या, गजालीक इंग्रजी शब्द कित्याक व्हयो?"

खरंच की! निवांत गप्पांना आमच्या मालवणीत गजालीच म्हणतात. पाटीवर नुसतं 'गजाली, ७ वाजता' रंगवून घेतलं. किती हलकं वाटलं!

काल दिल्लीचं कुटुंब आलं. पाटी वाचून बाईंनी आत हाक मारली, "भैया, दोन प्लेट गजाली. एक कमी तिखट."