जुन्या बेसचा पिकअप ‘गेला’ म्हणण्याआधी

मुंबईतल्या वादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. जुन्या बेस गिटारच्या पिकअपचा (तारांचं कंपन विजेत बदलणारा, मॅग्नेट आणि तांब्याच्या कॉइलचा भाग) मॅग्नेट वीस-पंचवीस वर्षांत उतरतो, मीटरवर ओहमचा (कॉइलच्या रोधाचा) आकडा कमी आला की पिकअप संपला, हम, म्हणजे सततची गुणगुण, येत असेल तर दुसरा पुरावा नको, जास्त ओहमचा नवा पिकअप अर्ध्या तासात बसतो, जुना भंगारात टाका, असं त्यात म्हटलंय. मी परळला राहतो, ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो आणि मित्रांच्या गिटारी उघडून दुरुस्त करतो. हा मेसेज वाचून माझ्या ओळखीच्या दोघांनी धडधाकट पिकअप काढून टाकले, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी मॅग्नेट. फेंडर कंपनीच्या जुन्या बेसमधले मॅग्नेट अल्निकोचे असतात, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचे. नुसत्या वयानं त्यांची ताकद घटते ती इतकी थोडी, की कानाला कळत नाही. त्यांना उतरवायला उष्णता लागते ती शेकडो अंशांची. मुंबईच्या मे महिन्याचं त्यांना काही नाही. खरा धोका दुसऱ्या जोरदार मॅग्नेटचा. स्पीकरच्या मागच्या बाजूला गिटार टेकवून ठेवणं, किंवा सुटे पिकअप सारख्या ध्रुवांनी समोरासमोर दाबून ठेवणं, यानं अल्निको खरंच कमजोर होतो. तेव्हाही पिकअप फेकायची गरज नसते. मॅग्नेट पुन्हा चार्ज करता येतो.

मग जुने पिकअप बंद का पडतात? गेल्या पावसाळ्यात वसईचा एक मुलगा त्याच्या मामाचा फेंडरचा जॅझ बेस, दोन पिकअपवाला, घेऊन आला. मामा जहाजावरच्या बँडमध्ये वाजवायचे, सत्तरच्या दशकात तिकडूनच आणलेला. ब्रिजकडच्या (खाली तारा अडकवतात त्या पट्टीकडच्या) पिकअपचा आवाज जवळजवळ नव्हताच. “काका, मॅग्नेट गेलाय ना? नवीन सेट मागवू?” मी म्हटलं, थांब, आधी बघू. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आठही पोलांना, म्हणजे मॅग्नेटच्या टोकांना, टेकवलं, आठही जागी घट्ट चिकटलं. पिकअपच्या तारा पॉटवरून (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या भागावरून) सोडवल्या आणि मीटर लावला. पुढचा 7.4 किलोओहम, मागचा पूर्ण ओपन, म्हणजे आत कुठेतरी तुटलेला. कव्हर काढून भिंगाखाली धरला तर खालच्या पट्टीवर, जिथे कॉइलचं बाहेरचं टोक आयलेटला (धातूच्या छोट्या कडीला) जोडलेलं असतं, तिथे मोहरीपेक्षा लहान हिरवा ठिपका. तांबं गंजून तार तुटली होती. टोक हळूच सोडवलं, इनॅमल खरवडलं, बारीक डाग दिला. मीटरवर 7.6 आले. मुलगा काही बोलला नाही, नुसता त्या आकड्याकडे बघत राहिला.

ही तार 42 गेजची असते, म्हणजे साधारण 0.06 मिलिमीटर, केसाएवढी. जुन्या फेंडरमध्ये ती थेट मॅग्नेटवर गुंडाळलेली असते. आपल्याकडची खारी, दमट हवा मॅग्नेटला गंज चढवते आणि तो गंज आतल्या वेढ्यांपर्यंत जातो. वरच्या-खालच्या फायबरच्या पट्ट्याही दमटपणानं वाकतात. म्हणून कळकळीनं सांगतो, पोल खालीवर करायला मॅग्नेट अंगठ्यानं दाबू नका. आतली तार तिथेच तुटते, आणि आतलं टोक तुटलं तर डाग देऊन भागत नाही, रिवायंडिंगच, म्हणजे नव्या तारेनं कॉइल पुन्हा गुंडाळणं, करावं लागतं.

आता ओहमचा आकडा. जॅझ बेसचा पिकअप साधारण सात-आठ किलोओहमचा आणि फेंडरच्याच प्रिसिजन बेसचा दहा-अकराचा असतो, त्यामुळे सात आला म्हणून तो ‘कमी’ होत नाही. शिवाय तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्क्यानं वाढतो. 20 अंशांना 10.5 दाखवणारा पिकअप आपल्या 34 अंशांच्या दुपारी 11 च्या वर दाखवेल, आवाज तोच. बारीक तार वापरली तर कमी वेढ्यांतही ओहम जास्त भरतात, त्यामुळे ओहम म्हणजे आउटपुट हे समीकरणच चुकीचं. वेढे खरोखर वाढवले तर आवाज थोडा मोठा होतो, पण वरचे सूर दबतात. ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीत असा बेस नुसता घुमतो, सूर कळत नाही. आवाज मंद वाटत असेल तर पॉट, जॅक, कपॅसिटर बघा, आणि त्याहीआधी वाजवायच्या तारा शेवटच्या कधी बदलल्या ते आठवा.

हमचं उत्तर छोटं आहे. जॅझ बेस 1960 चा, सिंगल कॉइलचा, म्हणजे प्रत्येक पिकअपमध्ये एकच कॉइल. हम त्याच्या जातीतच आहे, आणि नाट्यगृहात दिव्यांचे डिमर चालू झाले की वाढणारच. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा, तो बराच जातो, कारण एका पिकअपचे वेढे आणि मॅग्नेट दुसऱ्याच्या उलट असतात. प्रिसिजनला 1957 पासून दोन तुकड्यांचा पिकअप आहे, तो स्वतःच हम मारतो. वाजवायच्या तारांना हात लावल्यावर हमला काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालची अर्थिंगची तार तपासा.

‘अर्ध्या तासात बसतो’ हे मात्र सर्वांत महागात पडणारं वाक्य. जॅझ बेसचे दोन पिकअप एका लांबीचे नसतात, ब्रिजकडचा दोन-तीन मिलिमीटरनं मोठा. चुकीचा मागवला की माणसं पोकळीच कोरायला घेतात, आणि कोरलेलं लाकूड परत येत नाही. एकच पिकअप बदलत असाल तर जागेवर राहणाऱ्या दुसऱ्या पिकअपचे ध्रुव होकायंत्रानं तपासून लिहून ठेवा. नव्याचे ध्रुव आणि वेढ्यांची दिशा दोन्ही त्या दुसऱ्या पिकअपसारख्याच आल्या, तर दोन्ही उघडल्यावरही हम राहील. हॉफ्नर, रिकनबॅकर किंवा जपानी बेस असेल तर माप घेतल्याशिवाय ऑर्डरच देऊ नका. फेंडरचं माप तिथे चालत नाही.

कॉइल आतून खरंच तुटली असेल तर रिवायंडिंग करून घ्या, मॅग्नेट आणि पट्ट्या त्याच राहतात. पंख्याच्या मोटारी भरणाऱ्याकडे नेऊ नका, त्याच्याकडची तार कितीतरी जाड असते. देताना तारेचा गेज, वेढ्यांची दिशा आणि चालू असलेल्या दुसऱ्या पिकअपचं रीडिंग लिहून द्या. आणि तरीही नवाच बसवलात, तर जुना सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यात ठेवा, स्पीकरपासून लांब, डब्यावर गिटारचा सिरियल नंबर लिहून. त्या मुलानं ब्रिजच्या कव्हरचे दोन सुटे स्क्रूसुद्धा असेच डबीत ठेवलेत.