‘260 चा स्कोअर आणि 20 पेपर असले की सर्जरी पक्की’ हे खरं नाही

अमेरिकेत सर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायचं सर्जन होण्याचं प्रशिक्षण, मिळवू पाहणाऱ्या मुलामुलींमध्ये एक सूत्र हातोहात फिरतंय. स्टेप 2 या तिथल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेत 260 च्या वर स्कोअर, नावावर 20 संशोधन पेपर आणि कॉलेज नामांकित, एवढं असलं की झालं. रोटेशन (हॉस्पिटलच्या एखाद्या विभागात काही आठवडे काम करणं) आणि शिफारसपत्रं नावापुरती. आणि रँक लिस्टमध्ये, म्हणजे हॉस्पिटलांच्या रेसिडेन्सी प्रोग्रामच्या आपल्या पसंतीक्रमात, अवघड प्रोग्राम वर टाकू नका, नाहीतर हातचंही जाईल. यात अर्धसत्य बरंच आहे, आणि त्यापायीच चांगल्या मुलांची वर्षं वाया जातात.

आधी स्कोअर. 26 जानेवारी 2022 पासून स्टेप 1 या आधीच्या परीक्षेचा निकाल फक्त पास-नापास असा लागतो, त्यामुळे स्टेप 2 चं वजन वाढलं हे कबूल. अर्जांच्या ढिगातून मुलाखतीला कोणाला बोलवायचं, हे ठरवताना तो बघतातच. पण मुलाखतीला आलेल्या बहुतेकांचा स्कोअर चांगलाच असतो. उमेदवार आणि प्रोग्राम यांच्या याद्या जुळवून जागा ठरवण्याची प्रक्रिया, म्हणजे मॅच, चालवणारी एनआरएमपी ही संस्था प्रोग्राम डायरेक्टरांना विचारते, तेव्हा अंतिम क्रम लावताना मुलाखतीतलं बोलणं-वागणं आणि माणसांशी जमवून घेणं यांना ते फार वरचं स्थान देतात.

पेपरांच्या आकड्याने तर उगाच धडकी भरते. न्यूरोसर्जरीत जागा मिळालेल्यांची सरासरी 20 च्या वर दिसते खरी, पण त्या मोजणीत अ‍ॅबस्ट्रॅक्ट, प्रेझेंटेशन आणि छापील पेपर एकत्र धरलेले असतात. एकच अभ्यास पोस्टर म्हणून लागला, मग व्यासपीठावर मांडला, मग छापून आला, की झाले तीन. संशोधन करावंच, नुसतं नाव लावून घेऊ नये. ‘यातलं तुम्ही नेमकं काय केलंत?’ हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो, आणि डेटा स्वतः चाळलेला नसेल तर दुसऱ्याच वाक्याला ते कळतं.

आता रोटेशन. सूत्रातली सगळ्यात घातक चूक इथे आहे. जनरल सर्जरी 5 वर्षांची, न्यूरोसर्जरी 7 वर्षांची. एवढा काळ रात्री-अपरात्री ज्याच्यासोबत काम करायचं, त्याला आधी काम करताना बघायची संधी प्रोग्रामला सब-इंटर्नशिपमध्येच, म्हणजे विद्यार्थ्याने इंटर्नसारखं काम करायच्या रोटेशनमध्येच, मिळते. आतड्याचं ऑपरेशन झालेला पेशंट घ्या. पहाटेच्या राउंडआधी जाऊन ड्रेनमध्ये रात्रभरात किती आलं, त्याचा रंग बदलला का, गॅस पास झाला का, हे ज्याने पेशंटला स्वतः विचारून-बघून ठेवलंय, त्याच्याकडे चीफ रेसिडेंटची नजर आपोआप वळते. दुपारी पोटॅशियमचा रिपोर्ट कोणी न सांगता बघितला, कमी दिसताच लगेच कळवलं, हेही लक्षात राहतं. ओटीत विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा कॅमेरा धरणं आणि टाके कापणं येतं, पण तेवढ्यातही हात किती स्थिर आहे आणि सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागतं का, ते दिसतं.

चांगलं शिफारसपत्र यातूनच निघतं. ‘मेहनती, वक्तशीर, नम्र’ असली पत्रं ढिगाने येतात. सोबत काम केलेल्या सर्जनने एखादा प्रसंग सांगून ‘आमच्याकडे घ्यायला आवडेल’ असं लिहिलं, तर ते पत्र वेगळं उठून दिसतं. मोठ्या नावाच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाचं गुळमुळीत पत्र घेऊ नका, असं मी कळकळीने सांगेन.

कॉलेजच्या नावाचा फायदा होतो, नाकारत नाही. पण ते आता बदलता येत नाही. आपल्या हातात आहेत ते सिग्नल, म्हणजे अर्ज करताना मोजक्या प्रोग्रामना कळवायची खास पसंती. ऑर्थोपेडिक्समध्ये असे 30 मिळतात आणि सिग्नल न दिलेल्या प्रोग्रामकडून बोलावणं येणं कठीण असतं. तेव्हा ते नुसत्या नावाजलेल्या ठिकाणी उधळू नका.

राहिली रँक लिस्ट. 1998 पासून मॅचचा अल्गोरिदम उमेदवाराच्या पसंतीपासून सुरुवात करतो. पहिल्या पसंतीला जागा मिळाली नाही, तर दुसऱ्या ठिकाणी तुमचा विचार तिथल्या यादीतल्या तुमच्या क्रमानुसारच होतो. तुम्ही त्यांना वर टाकलं की खाली, याने तिथली शक्यता बदलत नाही. मनापासून जिथे जायचंय तेच पहिलं लिहा, आणि जिथे अजिबात जायचं नाही ते यादीत टाकूच नका, कारण लागलेली मॅच बंधनकारक असते.